आजीवन

अठरा हजार मोजले होते,
तीन लगीनसराया पत्रिका छापून.
हिरव्या डब्यावर लिहिलं होतं: आजीवन.
डबा अजून आहे. त्यात मी स्टेपलरच्या पिना ठेवते.

आज दारव्ह्याच्या दुकानात
ढोक्यांचा पोरगा बसलाय, टोपी मांडीवर.
बापाची तेरवी शुक्रवारी.
पडदा म्हणतो, अटी बदलल्या आहेत,
वर्षाचे पैसे भरा. खाली एकच बटण: सहमत.

फोन लावला. पलीकडची मुलगी गोड हिंदीत म्हणाली,
आजीवन म्हणजे त्या आवृत्तीचं जीवन, मॅडम.
ती आवृत्ती मार्चमध्ये वारली.
(वारली हा शब्द माझा.)

बाबा बैलबाजारात दलाल होते.
दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा,
आत काय चाललंय, दिसायचं नाही कोणाला.
पण दुपट्टा उचलला की बैल तुमचा,
दाव्यासकट, लाथ मारायच्या खोडीसकट.
पुढच्या पोळ्याला दारात येऊन
कोणी म्हटलं नाही, शिंगं माझीच आहेत.

बटण दाबलं नाही. पैसे नव्हते, हे खरं कारण.
तशीच एक प्रत काढून पाहिली.
चिंधूजींच्या फोटोवर, कपाळापासून हनुवटीपर्यंत
तिरपी करडी अक्षरं: चाचणी प्रत.

पोरगा अंगठ्यानं घासत राहिला.
"ताई, हे पुसल्या जात नाही काय?"

कोरा कागद घेतला, काळा पेन.
कळविण्यास अत्यंत
इथं हात अडला.
दुःखातला विसर्ग इतकी वर्षं
तेच घालत होतं.