गाळलेली जागा भरा

मंडळाच्या स्मरणिकेचं प्रूफ आलंय.
विभावरी दिघे यांनी माझ्यावर दोन ओळी लिहिल्यात:
‘पाणीपुरवठा खात्यात एकवीस वर्षं
यांनी अधिकार गाजवला.’

लाल पेनने ‘गाजवला’ खोडलं.
मैदान गाजवतात, सभा गाजवतात.
माझ्या टेबलावर एक काळा फोन होता
आणि काचेखाली वडोदऱ्याचा नकाशा, निळ्या शिरांचा.

‘बजावला’ लिहून पाहिलं.
बजावतात ते कर्तव्य,
किंवा नोटीस, नळ तोडण्याआधी.
‘वापरला’? जशी छत्री.
‘चालवला’ म्हणावं, तर मी रजेवर असलो
तरी तो आपला आपण चालायचा.

दारात येणारी माणसं ‘अधिकार’ म्हणायचीच नाहीत.
आपले रावपुऱ्यातले म्हणायचे, साहेब, जरा शब्द टाका.
टाकायचो.
शब्दाला वजन असतं हे
तो दुसऱ्या कुणाच्या पायावर पडेपर्यंत कळत नाही.
हसमुखभाई भावसार म्हणायचे, लागवग लगाडो ने,
जसं काही मलम.

एप्रिल होता. ट्रस्टींच्या घरचं लग्न,
मांडव अर्ध्या रस्त्यापर्यंत.
मी फोन उचलला, अर्धं वाक्य बोललो:
‘रमण, उद्या रावपुऱ्यात वीस मिनिटं जास्त.’
सूत्रं हलवली म्हणावं
तर मी खुर्चीतही हललो नव्हतो.
पहाटे पाचला रमण ओडनं रस्त्यातलं झाकण उचललं,
लोखंडी चावी आत उतरवली,
बावीस आटे फिरवले.
क्रियापद सगळं त्याच्या खांद्यांत.
कर्ता मी.

वीस मिनिटं कुठून तरी यावी लागतात.
ती आली पाणीगेटच्या मागच्या गल्लीतून,
जिथे पाइप सगळ्यात शेवटी पोचतो
आणि सगळ्यात बारीक.

अकराच्या सुमारास हमीदाबेन आल्या.
अर्ज नाही, आवाज नाही.
पितळी बेडं टेबलावर ठेवलं, बरोबर नकाशावर,
आणि बाकावर बसून राहिल्या.
शिपाई दोनदा म्हणाला, उठा.
मी फायली वाचत होतो, म्हणजे वाचत नव्हतो.
रिकामंच बेडं,
पण पाणीगेट त्याच्या बुडाखाली गेलं होतं
आणि मला ते उचलून बाजूला ठेवता येईना.

पाचला टँकर पाठवला.
‘पाठवला’ असं दप्तरात आहे, खाली माझी सही.
पाठवायला लावला, हे लिहायला
रकाना नव्हता.

रमणच्या डायरीत एकवीस वर्षं एकच क्रियापद,
गुजराती अक्षरांत, वेळेसकट: पाणी छोड्युं.
त्याला दुसऱ्याची गरज पडली नाही.
मी ते मराठीत म्हणून बघतो.
रावपुऱ्यात पाणी सोडलं.
पाणीगेटवर पाणी सोडलं.
एका प्रत्ययाचा फरक.
गुजरातीत हा घोटाळा होत असेल का,
रमणला विचारायचं राहिलं. तो गेल्या दिवाळीत गेला.

दिघेबाईंचा आत्ताच फोन: काका, एका शब्दासाठी
अख्खं पान अडलंय, छापखान्याचा माणूस बसून आहे.
बसू दे म्हटलं. बाकावर बसून राहिलं की
कामं होतात.

वाक्य तसंच परत पाठवतोय.
‘अधिकार’च्या पुढे जागा मोकळी ठेवलीय,
एक बेडं मावेल एवढी.