पलीकडे तीन

सोहारचं तांत्रिक महाविद्यालय, लॅब क्रमांक चार.
एसी इतका गार की पोरं दिशदाशावर जॅकेट घालून बसतात.
बाहेर सप्टेंबर, दमट.

मी फळ्यावर गोल काढत नाही आता.
मिरजेला आवटी सरांनी काढले होते:
मधे केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन,
घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा, डोळ्यांना झापडं,
त्याच त्या वाटेवरून.
तो बैल डोक्यातून हाकलायला
एम.एस्सी.ची दोन वर्षं गेली.
या पोरांना तो नकोच. म्हणून हे मॉडेल.

मुहन्नद क्लिक करतो. एक ठिपका.
पुन्हा क्लिक. भलतीकडेच.
हजारेक क्लिकांनंतर पडद्यावर काही साठतं,
मधे दाट, कडेला विरळ,
चाळणीखाली सांडलेल्या पिठासारखं.
"सर, आत्ता, या क्षणी, कुठाय तो?"
तो ताकास तूर लागू देत नाही, हे मला
इंग्रजीत सांगता येत नाही, अरबीत तर नाहीच.
मी नुसते हात उडवतो.
पोरं हसतात, बहुधा हातांना.

मग भिंत.
तिला स्लायडर आहेत: उंची, जाडी.
ठिपके येतात, आपटतात, मागे फिरतात.
एखादा मात्र पलीकडे दिसतो,
भोक न पाडता, उडी न मारता.

शमसा, मच्छीमाराची मुलगी, वहीत काही लिहीत नाही.
तिने दोन्ही स्लायडर टोकाला नेले.
वीस मिनिटं पलीकडे शून्य.
"येईल?"
"येऊ शकतो."
"म्हणजे येणार नाही."
"असं म्हटलं नाही मी."
(फोनवर आई आणि मी हेच बोलतो, रजेबद्दल.)

चारला सजीवन लॅब बंद करायला आला.
शमसाने पडद्याला चिठ्ठी चिकटवली, अरबीत.
त्याला वाचता येत नाही.
त्याने दिवे घालवले, एसी घालवला,
तेवढी एक मशीन राहू दिली.

दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली.
पार्किंग, खजुरी, बंदराकडची धुराडी,
सगळं आहे, नेमकं कुठे ते कळेना.
मी लगेच पुसला नाही.

सकाळी माझ्याआधी ती हजर, दप्तर खांद्यावरच.
भिंत तेवढीच.
अलीकडचा आकडा चौकटीत मावेना.
पलीकडे: तीन.

तिने तिन्ही ठिपक्यांवर बोट टेकवलं, एकेकावर,
लिलावात मासळी मोजावी तसं,
आणि वही उघडली.