चार स्क्रू

उद्यमबागेत मी लेथवर असतो.
केसाच्या दहाव्या भागाचा फरक
नखाला कळतो.
घरी प्रज्योतचा गेमचा डबा
डिस्क गिळतो, घरघरतो, परत थुंकतो.

बिल कोल्हापूरचं. तिथले म्हणाले,
पिनकोड कर्नाटकातला, हुबळीला जावा.
हुबळीची बाई कन्नडात बोलली;
इराण्णानं फोन धरला, ऐकलं, हसला :
"म्हणती, बिल महाराष्ट्राचं आहे की."

शेवटी घेतला त्यांनी.
तीनदा गेला, तीनदा आला,
वर चिठ्ठी : दुरुस्त केले.
तीनदा थुंकला.

"तूच उघड की, पप्पा."
उघडला असता रे, खरं
ह्या स्टिकरला नख लागलं
की वॉरंटी मेली.

काल रात्री बाराला ती आपोआप मेली.
पोरगं जागंच होतं.
चष्मा पुसला, पेचकस घेतला,
स्टिकरवर बॅटरी मारली.

चरा नाही.
तीनदा दुरुस्त झालेल्या डब्याचं सील
कुणी एकदाही तोडलं नव्हतं.

आत रबरी रोलरवर मेणचट थर.
फडकं, स्पिरिट, सात मिनिटं.

आता खेळतोय तो. झोप म्हटलं तरी ऐकंना.
मी मात्र टेबलाखाली, पायपुसण्यावर
हात फिरवत बसलोय.
चारातला एक स्क्रू सापडत नाही.