तारा

ग्रिम्झबीच्या गोदीवर चाळीस वर्षं
जाळी विणली म्युरिएल ब्लँचर्डनं.
ट्रॉलरभर कॉड तोलेल अशी गाठ
गप्पा मारता मारता मारायची.

आता टेबलावर
तळहातात मावणारं दुपंखी विमान:
पाठ शेवाळी, पोटाला सायीचा रंग.
वाळायच्या आधीच उचललं;
डाव्या पंखाखाली
अंगठ्याचा ठसा उमटला. राहू दिला.

तारांचं मात्र जमेना.
भाग कापून उरलेली प्लॅस्टिकची काडी
मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की ओढायची.
केसाएवढा धागा निघतो, आणि तुटतो.
तुटतो.
"हेरिंगसुद्धा हसतील गं,"
ती म्हणाली, स्वतःलाच बहुतेक.

अकराव्या खेपेला एक टिकला.
चिमट्यात धरून, श्वास रोखून,
दोन पंखांमध्ये तिरका बसवला;
गोंद टाचणीच्या टोकाइतका.
तरी सैलच, वाळत घातलेल्या दोरीसारखा.

मग नुकती विझलेली काडी
जवळ नेली, टेकवली नाही.
तेवढ्या धगेनं
तार आपसूक ताठ झाली.

म्युरिएलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
अजून एकवीस.
केटल कधीची शिट्टी घालतेय.
येते, येते, म्हणते
आणि दुसरी काडी मेणबत्तीवर धरते.