पन्नास ग्रॅम

सकाळी सव्वासहाला वही घेऊन खाली उतरतो.
आडनाव टिपणीस, म्हणून टिपत सुटलेत,
असं कुमुदिनी म्हणायची.
आता ती नाही, तेव्हा वादही नाही.

वही दोनशे पानी.
डावीकडे तारीख, उजवीकडे जे दिसलं ते:
मुलुंड पूर्व, बागेसमोरचा दिवा
भर उन्हातही जळतो.
नळाच्या जोडातून मिनिटाला अठ्ठेचाळीस थेंब.
(मोजले. दोनदा.)
फाटकाची कडी निखळली होती, सुतळीने बांधली. मीच.
पेव्हर ब्लॉक सात गायब,
आठवा वाटेवर.

"याचे तुम्हाला पैसे कोण देतं, काका?"
तिसऱ्या मजल्यावरचा निहार, कानात बोंडं घातलेला.
"पेन्शन," मी म्हणतो.
तो हसतो.
मी विनोद केला नव्हता.

चौतीस वर्षं वजनं-मापं तपासली.
मशीद बंदर, घाटकोपर, भांडुप.
काटा पुढ्यात आला की
आधी पारडी रिकामी करायला सांगायची.
भरल्या पारड्यात सगळेच साव,
रिकाम्या पारड्याला खोटं बोलता येत नाही.
हे मी नव्या पोरांना शिकवायचो,
चहा पिता पिता, जरा मोठ्यानेच.

वॉर्ड ऑफिसात, खिडकी पाच, एंगडे नावाचा मुलगा.
"बसा आजोबा," म्हणतो, पंखा माझ्याकडे वळवतो,
अर्ज घेतो, शिक्का मारतो.
भला आहे.
पण त्या शिक्क्याचा आवाज
मला अजून पोटात लागतो.

त्याचं कारण वहीत नाही.
आज लिहितो.

शहाऐंशी साल, मार्चअखेर, एक रेशन दुकान.
काटा किलोमागे पन्नास ग्रॅम खात होता.
मी पेन काढलं
आणि दुकानातच साहेबांचा फोन आला.
फोन ठेवला.
पेन खिशात गेलं, ठसा बाहेर आला.
शिशावर ठोकला: प्रमाणित.
रांगेत पहिलीच बाई,
हातात उशीच्या अभ्र्याची पिशवी,
मागच्या बाईला म्हणाली,
"साहेबांनी स्वतः तपासलंय. आता बरोबरच असणार."

पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभर तांदूळ.
गुणिले कार्डं, गुणिले महिने,
पुढची तपासणी होईपर्यंत.
हा गुणाकार मी केलेला आहे.
उत्तर सांगत नाही.

मागच्या महिन्यात शाळेच्या मागच्या गल्लीत
गटाराचं झाकण चोरीला गेलं.
"चार दिवस द्या," एंगडे म्हणाला.
मी घरची प्लास्टिकची खुर्ची नेऊन त्या तोंडावर ठेवली,
पाठीला बांधला कुमुदिनीच्या कपाटातला
हळदीकुंकवाचा लाल ब्लाउजपीस,
घडीही न मोडलेला.
चार दिवसांचे अकरा झाले.
शाळा सुटायच्या वेळी मी शेजारी उभा.
मुलं वळसा घालून जायची, दप्तरं उडवत,
मध्येच एखादं माझ्याकडे बघायचं,
जसं खांबाकडे बघावं.
बरं वाटायचं. खांब असणं.

बाराव्या दिवशी झाकण बसलं.
तेराव्या दिवशी खुर्ची नव्हती.
वही उघडली, तारीख घातली,
"चोरी" लिहिलं, पुढे पेन चालेना.

परवा दिसली.
झाडूवाल्या मंजुळाबाई, गाडा कडेला लावून,
तीत बसून बशीने चहा पीत होत्या,
पाय पसरून, डोळे मिटून,
पाठीमागे लाल कापड तसंच.
मी वळसा घातला.

घरी येऊन "चोरी" खोडलं.
लिहिलं: खुर्ची. वापरात.
आणि त्याखाली,
नळ: बावन्न थेंब.
वाढलेत.
उद्या एंगडेकडे.