पाणसळ

माझी ट्राम खिडकीखालून गेली की
विस्वाल्दिसच्या रेकॉर्डवरची सुई उडी मारते.
बाई गात असते, "ये" म्हणायला तोंड उघडते
आणि थेट "गेला, गेला" म्हणून मोकळी होते.
तीस वर्षं तो ऐकवतोय,
तुझ्या ट्रामने माझी निम्मी गाणी खाल्ली.
मी म्हणते, रूळ काय मी टाकले?

या हिवाळ्यात नोकरी संपली, तसं त्याने मनावर घेतलं.
स्टँड बांधायचा. घरी.
विकतचे म्हणे हलक्या हाडाचे असतात.

बंद कारखान्याच्या भंगारातून चार नळ्या आल्या,
बर्चचा प्लायवूड आर्निस सुताराकडून, उधारीवर,
आणि मधली फळी
झानेच्या पलंगाची.
तिला डब्लिनला जाऊन अकरा वर्षं झाली,
तरी विचारून घे, म्हटलं.
त्याने फोन लावला. बराच वेळ हवेबद्दल बोलला.
पलंगाचं शेवटी मीच सांगितलं.
ती हसली, म्हणाली, खालून बघू नका.
अर्थातच बघितलं. खिळ्याने कोरलेलं
एका मुलाचं नाव. आम्ही कधी न ऐकलेलं.
विस्वाल्दिसने त्या बाजूला रंधा लावला नाही.

नळ्या पोकळ राहिल्या तर घुमतात, म्हणून वाळू.
लिएपायात वाळूला काय तोटा,
समुद्र दोन गल्ल्या सोडून आहे. पण ओली.
रात्री ड्यूटीवरून आले तर
ओव्हनमध्ये, माझ्या केकच्या ट्रेमध्ये,
किनारा भाजत ठेवलेला.
घरभर शेवाळाचा, डांबराचा वास.
अजून कधी कधी केक खाताना
दाताखाली कचकन लागतं
आणि आम्ही दोघंही काही बोलत नाही.

मग पाणसळ.
तिच्यातला हिरवा बुडबुडा काही केल्या मध्यावर येईना.
स्टँड सरळ होता, जमीनच उतरती.
घर लाकडी, शंभरी ओलांडलेलं, समुद्राकडे कललेलं;
सांडलेला वाटाणा नेहमी पश्चिमेच्या भिंतीशीच सापडतो.
माहीत होतं, पण
कोणी मोजलं नव्हतं.
चार पायांना चार टोकदार खिळे,
खिळ्यांखाली नाणी: युरो आल्यापासून
बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलेले लात्स.
समुद्राच्या बाजूला तीन-तीन, इकडे एकेक.
"बघ," तो गुडघ्यांवरूनच म्हणाला, "चालतात अजून."

बुडबुडा मध्यावर आला. आणि त्या दिवसापासून
घरातलं बाकी सगळं वाकडं दिसायला लागलं.
कपाट, आरसा,
लग्नाचा फोटो. फोटोतला तो.

सुई आता जागची हलत नाही.
बाई पूर्ण गाते.
"ये" आणि "गेला" यांच्यामध्ये, कळलं,
एक अख्खं कडवं आहे, घोड्याबद्दल.
गेला तो घोडा.
तीस वर्षं आम्ही उगाच
कुणा पुरुषासाठी हळहळत होतो.

पण शेवटची ट्राम माझी असते, अकरा वीसची.
सुईने उडी मारली की तो उठायचा,
चहाचं आधण ठेवायचा.
मी डेपोत गाडी लावून, चालत, घरी पोचेपर्यंत
पाणी उकळलेलं असायचं.
स्टँड झाला त्या रात्री आले
तर शेगडी थंड, आणि हा डोळे मिटून
घोड्याचं कडवं ऐकतोय.
मी कोट काढला. काही म्हटलं नाही.
त्यानेच घड्याळाकडे पाहिलं,
मग त्या सरळ, भरभक्कम, निर्दोष स्टँडकडे,
पकडलेल्या चोराकडे बघावं तसं.

आता खिडकीच्या कट्ट्यावर दोन काचेचे पेले असतात,
जेमतेम एकमेकांना टेकलेले.
मी खालून जाते.
ते वाजतात की नाही, मला ऐकू येत नाही;
ट्रामचा स्वतःचाच आवाज फार.
वळणावर आरशात बघते.
स्वयंपाकघरातला दिवा लागतो.