हीट नंबर

कुपवाडच्या एमआयडीसीत प्लेट येते
तेव्हा ट्रेलर वळायलाच अर्धा तास जातो,
समोरचा चहावाला बाकडं उचलून आत घेतो.
बावीस मिलिमीटर जाड. अंगावर निळसर खपली.
आणि एका कोपऱ्यात, पांढऱ्या चौकटीत,
ठोकलेले सहा आकडे.

आम्ही म्हणतो हीट नंबर.
दस्तगीर मुल्ला म्हणतात, आदण.
कवठेपिरानच्या गुऱ्हाळांवर वाढलेला माणूस.
"कितव्या आदणाची ही, ते कळाय नको?"

कागद सगळं सांगतो:
कुठली भट्टी, कुठली तारीख,
कार्बन किती, गंधक किती,
आणि तिचाच एक सख्खा तुकडा
किती ओढल्यावर तुटला.

कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर नंबर उतरवायचा, हा नियम.
मी वहीतून वाचते, ते पंच लावतात.
चार. एक. सात.
नवाचा पंच हरवलाय कधीचा,
सहाचाच उलटा धरतात.
घाव एकच. दुसरा दिला की आकडा हलतो.

एकदा गडबडीत कटर आधी चालला.
दीड हात रुंद, मापात बरोबर,
तुकडा नावावाचून खाली पडला.
लोखंड तेच. तिघांनी डोळ्यांनी पाहिलेलं.
इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, पाहिलेलं चालत नाही.

त्याच दुपारी मी त्यांचा पेन्शनचा फॉर्म भरत होते.
जन्मतारीख: एक जून.
"खरी का चाचा?"
"मास्तरांनी ठोकलेली.
आई म्हणायची, गावात गणपती बसलेले,
वारणेला पाणी, सुईण नावेतनं आली."
आणि चष्मा पुसत बसले.

पुढच्या मंगळवारी शेलमध्ये पाणी भरलं.
दीडपट दाब. काटा जागचा हलला नाही.
चाचा शिवणीवरून तळवा फिरवत गेले,
गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवावा तसा,
कुठे घाम फुटलाय का बघत.
कोरडी होती.
बॉयलर कराडच्या पुढे एका डेअरीत गेला.

तो तुकडा गेटपाशी गटारावर टाकलाय.
ट्रेलर त्याच्यावरूनच वळतात.
चाचांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
तो अजून वाकलेला नाही.

परवा चिखल धुताना दिसलं,
कोपऱ्यात एकच आकडा आहे, एका घावाचा.
सहा असेल.
नऊही असेल.
नोंद कुठल्याच वहीत नाही.